डोक्याला शेक देण्यापूर्वी

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात कुंथलगिरीचे सिद्धक्षेत्र आहे. देशभूषण आणि कुलभूषण मुनींच्या या डोंगरावर आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली छत्तीस दिवसांची सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर रोजी देह ठेवला, हे या मासिकाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असते. याच भूम तालुक्याला आणखी एक स्थान आहे, आणि त्याची दखल जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांनी घेतली आहे. १९८७ साली बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम, अशा तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत घेण्यात आली.

शहरातल्या नोंदणीत कर्मचारी रुग्णालयांत जाऊन कागद तपासतो. इथे तसे करून भागणार नव्हते, कारण खेड्यातला रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हता. डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा मार्ग धरला. कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले, पारावर बसून बोलू लागले. कोणाला न भरणारी जखम आहे, कोणाला अंगावर अवेळी जाते, कोणाला गिळताना अडते, हे विचारून अशा माणसांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात तपासणीस आणू लागले. मोजदाद करण्यासाठी निघालेल्या माणसांनी वाटेत उपचारही घडवले. पुढे याच जिल्ह्यातील ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने आयुष्यात एकदा केलेली एचपीव्ही तपासणीसुद्धा या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे जगाला दाखवले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना त्या वेळी तपासणी मिळाली नाही, यावर नंतर टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती.

पुरुषांच्या वाट्याला असे काही आले नाही. विशेषतः म्हाताऱ्या पुरुषांच्या.

देशातील नोंदणी केंद्रांचा २०१२ ते २०१६ या काळाचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांमधील कर्करोगाचे सर्वांत कमी प्रमाण उस्मानाबाद व बीड या जिल्ह्यांचे होते. वयाचा फरक जुळवून घेतल्यावर ते लाखामागे ३९.५ इतके भरले. मिझोराममधील ऐजॉल जिल्ह्यात हाच आकडा २६९.४ होता. हे अंतर मोठे आहे आणि त्यात समाधान मानावे असे पुष्कळ आहे. पण ज्या घरात रोग शिरला, त्या घराला सरासरीचा उपयोग नसतो. उलट रोग दुर्मीळ असलेल्या भागात त्याची लक्षणे ओळखणारेही दुर्मीळ असतात. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे नेमके असेच होते.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून असते. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि त्या वाढीचा कर्करोगाशी संबंध असतोच असे नाही. म्हणून रात्री चार वेळा उठावे लागणे, धार बारीक होणे ही वयाची लक्षणे मानली जातात. कर्करोग असला तरी तो पुष्कळदा वर्षानुवर्षे मुकाट राहतो आणि प्रथम बोलतो तो हाडांतून. कंबर दुखते, माकडहाडाच्या वर ठणका लागतो. तेल चोळले जाते, पट्टा बांधला जातो. ऑस्कर बॅट्सन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने १९४० साली दाखवून दिले की ओटीपोटातील शिरांचे पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याशी थेट दळणवळण असते आणि त्या जाळ्यात झडपा नसतात. प्रोस्टेटच्या पेशी मणक्यांत इतक्या सहज का पोहोचतात, याचा उलगडा त्याने बराचसा झाला. हे जाळे कण्याच्या बाजूने थेट कवटीच्या तळापर्यंत जाते.

तरीही प्रत्यक्ष मेंदूत हा रोग क्वचित जातो. अमेरिकेतील एका मोठ्या केंद्राने सोळा हजारांहून अधिक प्रोस्टेट रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेंदूत रोग पसरल्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आढळले. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग मेंदूकडे जितक्या सहज वळतो, तितका हा वळत नाही. मात्र अलीकडे अशा रुग्णांची गाठ पूर्वीपेक्षा अधिक पडू लागली आहे, आणि त्याचे एक कारण चांगले आहे. नव्या औषधांमुळे रुग्ण अधिक वर्षे जगतात, आणि रोगालाही दूरवर जाण्यास अवधी मिळतो. काही रुग्णांत रोगाच्या पेशींची जातच पालटते. मग रक्तातील पीएसए फारसा वाढत नाही आणि रोग मात्र यकृत, मेंदू अशा अनपेक्षित ठिकाणी दिसतो. पीएसए ठीक आहे, मग डोके का दुखते, असे म्हणत थांबून राहणे अशा वेळी महागात पडते.

हाड, आवरण आणि मेंदू

रोग डोक्यात गेला, असे घरचे म्हणतात तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी त्या एकाच वाक्यात मिसळलेल्या असतात. रोग कवटीच्या हाडात असू शकतो, मेंदूवरच्या आवरणात असू शकतो किंवा प्रत्यक्ष मेंदूच्या गाभ्यात असू शकतो. प्रोस्टेटच्या बाबतीत पहिल्या दोन जागा अधिक सामान्य आहेत. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. कवटीच्या तळाशी, जिथून डोळ्यांच्या, चेहऱ्याच्या आणि जिभेच्या नसा बाहेर पडतात, तिथल्या हाडात गाठ आली की एकाचे दोन दिसू लागतात, हनुवटी किंवा गाल बधिर होतो, जीभ एका बाजूला वळते. मेंदू शाबूत असतो, माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. अशा वेळी त्या मर्यादित जागेवर दिलेल्या किरणोपचाराने वेदना कमी होते आणि नसेचे काम पुष्कळदा सुधारते. मात्र ते लवकर व्हावे लागते. आता मेंदूतच गेले, काय उरले, असे समजून घरी परतलेल्या माणसाचे नुकसान केवळ शब्दांच्या घोटाळ्याने झालेले असते.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे डोके दुखले किंवा तो बरळू लागला, की दरवेळी मेंदूतील गाठच असते असेही नाही. रक्तातील सोडियम उतरते, लघवीत जंतुसंसर्ग होतो, महिन्यापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडल्याचे कोणी सांगत नाही आणि कवटीच्या आत रक्त साकळलेले असते. यांतले बरेचसे बरे होणारे आहे. म्हणून सीटी स्कॅनवर अंदाज बांधण्याऐवजी शिरेतून औषध देऊन काढलेला एमआरआय पाहूनच किरणोपचाराचा निर्णय व्हावा, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. तत्पूर्वी मूत्रपिंडाची रक्ततपासणी लागते, कारण प्रोस्टेटच्या रुग्णात लघवी तुंबून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो.

खोलीतली काही मिनिटे

मराठवाड्यात किरणोपचाराला शेक म्हणतात, काही जण लाईट म्हणतात. किती लाईटा झाल्या, असे प्रतीक्षागृहात एकमेकांना विचारले जाते. शब्द सुटसुटीत आहे, पण त्याने एक गैरसमज होतो. यात उष्णता नसते, अंग भाजत नाही, दिवा दिसत नाही. कोबाल्टच्या किरणोत्सर्गी स्रोतातून येणारे गॅमा किरण किंवा विजेवर चालणाऱ्या लिनिअर ॲक्सिलरेटरमधून येणारे क्ष-किरण पेशींच्या गुणसूत्रांत तुटफूट करतात. निरोगी पेशी ती बऱ्याच अंशी दुरुस्त करतात, रोगट पेशींना ते तितके जमत नाही. म्हणूनच एकूण मात्रा रोज थोडी थोडी वाटून देतात.

डोक्यावर उपचार करायचा असेल तर आधी मुखवटा तयार होतो. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लॅस्टिकची पट्टी चेहऱ्यावर ताणून बसवतात. ती काही मिनिटांत थंड होऊन चेहऱ्याच्या आकारात कडक होते. रोज तोच मुखवटा लावून डोके टेबलाला पक्के केले जाते, म्हणजे किरण ठरलेल्या जागीच पडतात. श्वास नीट घेता येतो, पण ज्याला कोंडल्यासारखे वाटते त्याने ते आधी सांगावे. खोलीत रुग्ण एकटा असतो. बाहेर पडद्यावर तंत्रज्ञ त्याला पाहत असतो आणि हात वर केला की यंत्र थांबते. प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच चालतात. नंतर माणूस घरी जातो, नातवाला मांडीवर घेऊ शकतो. बाहेरून दिलेल्या या किरणांनी शरीर किरणोत्सर्गी होत नाही. प्रोस्टेटसाठी लुटेशियमसारखी औषधे शिरेतून देतात, त्यांच्यानंतर काही दिवस लहान मुलांपासून अंतर ठेवायला सांगतात. ती गोष्ट वेगळी, पण कानोकानी दोन्ही एक होऊन जातात आणि म्हाताऱ्याचे ताटवाटीही वेगळे होते.

संपूर्ण मेंदूला किरण देण्याची पद्धत १९५० च्या दशकापासून चालत आली आहे. आजही बहुधा दहा दिवसांत ३० ग्रे किंवा पाच दिवसांत २० ग्रे अशी मात्रा देतात. ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप. केस गळतात, ते बहुधा परत येतात. थकवा येतो. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी रुग्ण दिवसभर झोपाळल्यासारखा होतो, ते रोग वाढल्याचे लक्षण समजून घर घाबरते. पुष्कळदा तो किरणांचाच उशिरा आलेला परिणाम असतो आणि ओसरतो. खरी किंमत स्मरणशक्तीला मोजावी लागते. जो माणूस काही महिनेच जगणार आहे त्याला तिची झळ कदाचित लागणारही नाही. पण जो दोन वर्षे जगेल त्याला लागेल.

यावर स्वीडिश शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी निराळी वाट शोधली होती. १९६८ साली स्टॉकहोम येथे त्यांनी गामा नाइफ हे यंत्र वापरात आणले. कोबाल्टच्या पावणेदोनशेहून अधिक स्रोतांतील बारीक किरण एका बिंदूवर एकवटतात. प्रत्येक किरण एकटा दुबळा, पण ते जिथे मिळतात तिथे मात्रा प्रचंड होते आणि भोवतालचा मेंदू बव्हंशी वाचतो. आज तेच काम आधुनिक लिनिअर ॲक्सिलरेटरही करतात. गाठी मोजक्या आणि लहान असतील तर एका बैठकीत किंवा तीन ते पाच बैठकींत काम होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केवळ गाठींवर नेमका उपचार घेतलेले आणि त्यासोबत संपूर्ण मेंदूवरही किरण घेतलेले, अशा रुग्णांची तुलना झाली. चार महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या शिकण्याच्या व आठवण्याच्या क्षमतेत घट इतकी अधिक दिसली की चाचणी मध्येच थांबवण्यात आली. संपूर्ण मेंदूवर किरण देणे अटळच असेल तेव्हा स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग वाचवून ते देता येतात, हेही २०२० सालच्या अभ्यासाने दाखवले. अर्थात त्यासाठी यंत्रही तसे हवे. साध्या कोबाल्ट यंत्रावर ते होत नाही.

आणि कधी काहीच न देणे योग्य ठरते. ब्रिटन व ऑस्ट्रेलियात ५३८ रुग्णांवर झालेली क्वार्ट्झ ही चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या मेंदूतील गाठींवर शस्त्रक्रिया किंवा नेमका किरणोपचार शक्य नव्हता, अशांपैकी निम्म्यांना संपूर्ण मेंदूवर किरण आणि उरलेल्यांना फक्त स्टिरॉइड व आधाराचे उपचार देण्यात आले. आयुष्य किंवा त्याची प्रत यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ते सर्व फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण होते, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा प्रोस्टेटला लावता येत नाही; प्रोस्टेटचा रोग किरणांना बऱ्यापैकी दाद देतो आणि ज्याच्यावर पुढचे औषध अद्याप वापरायचे शिल्लक आहे, त्याचे गणित निराळे असते. परंतु अंथरुणाला खिळलेल्या, रोग सर्वत्र पसरलेल्या वृद्धाला भूमहून रोज गाडीत घालून नेणे हा उपचार आहे की केवळ काहीतरी केल्याचे समाधान, हा प्रश्न त्या चाचणीने वैद्यांनाच विचारला. तो कुटुंबानेही विचारावा. या उपचाराने डोकेदुखी थांबेल का, आकडी टळेल का, बोलणे परत येईल का, आणि नाही घेतला तर काय होईल, इतके चार प्रश्न विचारले की डॉक्टरही मोकळेपणाने बोलतात.

औषधाच्या वेळा आणि सूर्यास्त

मेंदूभोवतीची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड १९६० च्या दशकाच्या आरंभापासून वापरात आहे. त्याचा गुण एक-दोन दिवसांत दिसतो. निपचित पडलेला माणूस उठून बसतो, आणि घरच्यांना वाटते रोगच गेला. हे औषध रात्री घेतले तर झोप उडते. म्हणून ते सकाळी आणि दुपारी देण्याची रीत आहे, आणि चौविहार पाळणाऱ्या घराला ती आपोआप सोयीची पडते. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या ज्येष्ठांनी आपला नियम डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावा. बहुतेक गोळ्यांच्या वेळा त्यानुसार बसवता येतात. अडचण होते ती नियम लपवला जातो आणि रात्रीची गोळी मुकाट वगळली जाते तेव्हा. आकडी रोखणारे औषध असे चुकले तर त्याच रात्री आकडी येऊ शकते.

दशलक्षण पर्वातील उपवास मात्र वेगळा विषय आहे. स्टिरॉइडने रक्तातील साखर वाढते, जठराला जखम होऊ शकते, आणि काही आठवडे घेतलेले औषध एकाएकी बंद केले तर रक्तदाब कोसळतो. उपवासासाठी ते आपल्या मनाने थांबवणे धोक्याचे आहे. जिलेटिनच्या कॅप्सूलबद्दलही अनेक घरांत अडते. एन्झालुटामाइड हे प्रोस्टेटचे औषध जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये येते, तसेच गोळीतही मिळते, तेव्हा विचारण्यात संकोच नको. पण या औषधाने क्वचित आकडी येते, हे मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाच्या बाबतीत जिलेटिनहून मोठे आहे आणि ते आधी विचारले पाहिजे.

डोक्याविषयी इतके बोलल्यावर पाठीच्या कण्याचा उल्लेख टाळता येत नाही, कारण प्रोस्टेटच्या रुग्णाला त्याचा धोका मेंदूतील गाठीपेक्षा कितीतरी अधिक असतो. मणक्यातील रोग मज्जारज्जूवर दाबू लागला की आधी पाठ दुखते, ती आडवे पडल्यावर अधिक दुखते. मग पाय जड होतात, मुंग्या येतात, शेवटी लघवी अडते. पाय चालते असताना उपचार मिळाले तर ते बहुधा चालते राहतात. एकदा पूर्ण लुळे पडल्यावर परत चालणे विरळा. हा अवधी तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा असतो. अमावास्या उलटू द्या, मुलगा पुण्याहून येऊ द्या, असे म्हणण्याची ही वेळ नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन चाचणीत अशा रुग्णांना ८ ग्रेची एकच मात्रा आणि पाच दिवसांत २० ग्रे असे दोन प्रकारे उपचार दिले गेले. आठ आठवड्यांनंतर चालू शकणाऱ्यांचे प्रमाण एका गटात सुमारे ६९ टक्के तर दुसऱ्यात सुमारे ७३ टक्के होते. फरक थोडा आहे. ज्याचे आयुष्य थोडे उरले आहे आणि ज्याला दूरवरून यायचे आहे, त्याला एकाच फेरीत भागवता येते, हे खेड्यातील रुग्णाला फार मोलाचे आहे.

ज्याला पुरुष रुग्ण सर्वांत जास्त घाबरतो, त्या उपचाराबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. प्रोस्टेटचा रोग पुरुष-संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले आणि १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते संप्रेरक बंद करण्यासाठी दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यावे लागते, किंवा वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया एकदाच करता येते. परिणाम दोहोंचा सारखाच. शस्त्रक्रिया स्वस्त आहे, तारीख चुकण्याची भीती नाही. तरीही ज्या घराला परवडत नाही तेही लाजेपोटी इंजेक्शन निवडते, आणि दुसऱ्या वर्षी पेरणीच्या वेळी पैसे संपले की इंजेक्शन चुकते. रोगाला तेवढी फट पुरते.

बार्शीला जावे की मुंबईला, हा प्रश्न या भागात प्रत्येक घरात निघतो. धाराशिवहून बार्शी सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. संपूर्ण मेंदूवरील किरण, हाडांच्या वेदनेसाठीचा शेक, कण्यावरचा तातडीचा उपचार, यांसाठी जवळचे केंद्रच बरे. मुंबईतील धर्मशाळेत पंधरा दिवस काढून तोच उपचार घेण्यात काही मिळत नाही. गाठी एक-दोनच असतील, माणूस हिंडताफिरता असेल आणि पुढची औषधे शिल्लक असतील, तर मात्र मोठ्या शहरातील नेमक्या किरणोपचारासाठी एकदा जाणे सार्थकी लागते. लातूरहून मुंबईस जाणारी गाडी धाराशिव, बार्शी, कुर्डूवाडी मार्गे जाते. उपचारासाठी निघालेल्या कर्करुग्णाला शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात भाडे माफ असते आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे; रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका व आधारकार्ड दाखवून चौकशी आधी करावी, भरती झाल्यावर नव्हे.

हे सारे ठरवताना ज्याच्या डोक्यावर मुखवटा बसणार आहे, त्याला मात्र अनेकदा विचारलेलेच नसते. मुलगे दाराबाहेर डॉक्टरांना खुणा करतात, वडिलांना सांगू नका म्हणतात. जैन घरात याची एक जास्तीची बाजू आहे. काही ज्येष्ठांच्या मनात आयुष्यभर समाधिमरणाची भावना असते. शांतिसागर महाराजांनी दृष्टी मंदावल्यावर, पूर्ण जाणिवेने, गुरुत्वाची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवून निर्णय घेतला होता. मेंदूतील सुजेने गुंगलेला माणूस अन्न नाकारतो, त्याला ते नाव देता येत नाही. तिथे आधी सूज उतरवावी लागते. आणि शुद्धीवर असलेल्या, सर्व समजून घेतलेल्या माणसाने आता किरण नकोत म्हटले, तर ते उपचार नाकारणे आहे. वेदनाशमन, स्वच्छता, कुशीवर वळवणे, मॉर्फिन हे त्यानंतरही चालूच राहते. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करून म्हाताऱ्या माणसावर एखादे व्रत लादणे, किंवा त्याचे खरे व्रत औषधाखाली बुडवणे, ही दोन्ही टोके घरोघरी दिसतात. त्याला सांगितले तरच त्याला ठरवता येईल. गुंगी येण्यापूर्वीचे काही आठवडे त्यासाठी असतात, म्हणून ते बोलणे एमआरआयचा अहवाल आल्याच्या आठवड्यातच व्हावे.

निघताना पिशवीत पहिल्या बायोप्सीचा कागद, पीएसएचे आजवरचे सगळे आकडे तारखांसह, एमआरआयची सीडी आणि केवळ अहवाल नव्हे तर फिल्मही, चालू औषधांची पाकिटे, आणि पूर्वी शरीरावर कुठेही शेक घेतला असल्यास त्या केंद्राचे मात्रेचे पत्र असावे. हे शेवटचे पत्र बहुतेकांजवळ नसते. एकाच जागी दुसऱ्यांदा किती किरण देता येतील हे त्याच एका कागदावर अवलंबून असते, आणि उपचार संपलेल्या दिवशी ते मागून घेतले तर दहा मिनिटांत मिळते.